गटारातून घरची वीज? आधी हिशेब करा!

खडूसराव: काल कोणीतरी टाकलं, "सांडपाण्यात जिवाणूंची बॅटरी बसवा, पाणी स्वच्छ, घरची वीज फुकट, महावितरणला रामराम!" खाली बदामांचा पाऊस. अहो, सांडपाण्यातली घाण मोजतात सीओडीत, म्हणजे ती पुरती जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनमध्ये. एक किलो सीओडीत ऊर्जाच जेमतेम ४ युनिट. माणशी रोज १०० ग्रॅम धरा. चौघांच्या घरातला कण न् कण वीज झाला तरी दीड युनिट, म्हणजे गिझर पाऊण तास! जिओबॅक्टर नावाचा जिवाणू घाण खाऊन ॲनोडला, म्हणजे सेलच्या एका टोकाला, इलेक्ट्रॉन देतो, कबूल. पण लोड लावला की एका सेलला अर्धा व्होल्ट टिकताना मारामार. सेल सिरीजमध्ये जोडले, तर एखादा उलटा होऊन बाकीच्यांचंच खातो. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या पॉटरने १९११ मध्ये यीस्टपासून वीज काढली होती. शंभर वर्षं उलटली, बल्ब कुठाय?

निशिगंधा: इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीत. २०१५ च्या संगीत महोत्सवात ब्रिस्टलच्या संशोधकांनी मुतारीतले दिवे लघवीवरच लावले. आणि वीज विकायचीय कोणाला? एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राची, निम्मी वीज ब्लोअरने पाण्यात हवा फुंकण्यात जाते. ॲनोडला हवा नकोच असते, गाळही कमी. ब्लोअरचं वाचलेलं बिल तुमच्या हिशेबात कुठाय?

कात्रजकर: ब्लोअर म्हणालात? आमच्या सोसायटीच्या एसटीपीत तो फक्त तपासणीच्या दिवशी चालतो! फ्लशला तिथलंच काळं पाणी, पाहुणे यायचे म्हटलं की बाथरूममध्ये उदबत्ती. वर टँकरचे पैसे वेगळे.

माजी_सेक्रेटरी: मेंटेनन्स दोनशेने वाढवला तर एजीएममध्ये माईक हिसकावणारे तुमच्यासारखेच. ब्लोअर काय माझ्या पेन्शनवर चालवू?

कात्रजकर: पेन्शनवर नको. क्लबहाउसच्या झुंबरावर चालवा!

खडूसराव: झुंबराचा वेगळा धागा काढा.

इंद्रायणीकाठ: जिवाणूच राबवायचेत तर देहूचे डॉ. मापुसकर आठवा. मलप्रभा नावाचं बायोगॅस संयंत्र संडासाला जोडून गॅस दिला माणसाने. पद्मश्री मिळाली ती २०१७ ला, मरणोत्तर. माझ्या मामींकडे असल्याच गॅसवर चहा व्हायचा. आजी मरेपर्यंत तो चहा प्यायली नाही, पण पाहुण्यांना मात्र आग्रहाने पाजायची.

निशिगंधा: नुसत्या मैल्याला गॅस उत्तम. त्यात आंघोळीचं, भांड्यांचं पाणी मिसळलं की एवढ्या पातळ पाण्यातून गॅस किती निघणार?

खडूसराव: आणि वीज भरभरून निघणार! बरं, एक कामाची गोष्ट मान्य करतो. पाण्यात घाण वाढली की या सेलचा करंट वाढतो, म्हणून बीओडी, म्हणजे जिवाणूंना खाता येईल अशी घाण, मोजायला चालतो. कात्रजकरांच्या एसटीपीतून पाणी बाहेर पडतं तिथे एक बसवा, कमिटीची लबाडी तरी कळेल.

कात्रजकर: पैसे कोण देणार?

माजी_सेक्रेटरी: एजीएमला ठराव मांडा. कोरम भरला तर.

कात्रजकर: मांडतोच. माईक तेवढा चालू ठेवा.