शंभर ग्रॅमचा हिशेब

पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीआधी पैलवान विनेश फोगट वजनात १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. ते १०० ग्रॅम 'अजून थोडा घाम गाळला असता तर गेले असते' असं म्हणतात, ते पटत नाही. ६ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी ती ५० किलो वजनगटात बसली, तीन कुस्त्या जिंकली आणि संध्याकाळी वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काटा, म्हणजे सगळं एका रात्रीत उतरवायचं. शरीर सुकत गेलं की रक्तातलं पाणी घटतं, त्वचेकडे रक्त कमी जातं, घाम आटतो. मग सौनात (घाम काढायच्या गरम खोलीत) काटा जेमतेम हलतो, अंगातला ताप मात्र चढतच राहतो. खरा धोका इथे आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान असेच गेले: हवाबंद सूट, गरम खोली, त्यात जोरदार व्यायाम.

वजन झाल्यावर नुसतं पाणी ढोसणं हीही चूक, ते लघवीवाटे निघून जातं. ओआरएस घोटघोट घ्यावं, घटलेल्या वजनाच्या साधारण दीडपट. पण कुस्तीत लढतीआधी काही तासच मिळतात, तेवढ्यात हे पूर्ण भरून येत नाही. डाययुरेटिक (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या तर बंदी घातलेल्या यादीत आहेत. आठवडाभर आधी पाच टक्के जास्त असाल, तर माझ्या मते सरळ वरचा गट घ्या.