मदत हवी आहे : मधुमेहात मसाल्यांच्या अँटिऑक्सिडंट गुणाला किती महत्त्व द्यावे?

माझ्या वडिलांना टाइप २ मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या गोळ्या नियमित सुरू आहेत. आता रोज दालचिनीची पूड आणि जोडीला कर्क्युमिन (हळदीतील घटक) व पायपरीन (मिरीतील घटक) यांची कॅप्सूल घ्यावी, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. कारण एकच : 'यांत अँटिऑक्सिडंट भरपूर असतात.'

रक्तातील साखर सतत चढी राहिली की पेशींच्या मायटोकॉन्ड्रियांत (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत) सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा अपायकारक प्रकार अधिक तयार होतो आणि त्यातून डोळ्यांच्या व मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते, हे मधुमेह-संशोधक मायकेल ब्राउनली यांनी मांडलेले स्पष्टीकरण मी वाचले आहे. अँटिऑक्सिडंट असे अपायकारक रेणू निष्प्रभ करतात, त्यामुळे लवंगेतील युजेनॉल किंवा हळदीतील कर्क्युमिन उपयोगी पडावे, हे वरवर पटते. परंतु परीक्षानळीत दिसलेला गुण शरीरातही तसाच दिसेल, असे कशावरून? खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारी 'ओरॅक' मूल्यांची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली, कारण त्या आकड्यांवरून आरोग्यावर होणारा परिणाम ठरवता येत नाही. लवंगेचे कौतुक मात्र अजूनही त्याच आकड्यांच्या आधारे चाललेले दिसते.

दालचिनीबाबत तर माझा गोंधळच झाला आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी ४० दिवस दिल्यावर उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली होती. पुढे २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात) १० चाचण्यांतील ५७७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नाही. शिवाय साखर उतरली, तरी ती अँटिऑक्सिडंट गुणामुळेच उतरली, असे थोडेच सिद्ध होते? मेथीदाण्यांतील विद्राव्य तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश मिसळते. त्यात अँटिऑक्सिडंटचा काही संबंध येत नाही.

खरी काळजी कॅप्सूलची आहे. १९९८ च्या एका अभ्यासात २० मिलिग्रॅम पायपरीनमुळे कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे वीसपट वाढल्याचे दिसले, आणि हे घडते ते कर्क्युमिनची विल्हेवाट लावणारी विकरे (एन्झाइम) मंदावल्यामुळे. काही औषधांचा निचराही अशाच विकरांमार्फत होतो. ग्लिमेपिराइडने मुळातच साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यात ही भर पडल्यास साखर किती वेळा तपासावी? स्वयंपाकात पडते तेवढ्या हळदीला आणि मिरीला माझा अर्थातच आक्षेप नाही.

दुसरे असे की, कॅसिया जातीच्या दालचिनीत कुमारिन हे जास्त प्रमाणात यकृताला अपाय करू शकणारे द्रव्य असते आणि युरोपात त्याची सुरक्षित दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम मानली जाते. अखंड साल असेल तर कॅसियाची जाड एकेरी गुंडाळी आणि सिलोन दालचिनीचे पातळ, एकात एक गुंडाळलेले पदर यांतला फरक कळतो. पूड कशी ओळखावी?

येथील औषधनिर्माते किंवा आहारतज्ज्ञ यांनी कृपया आणखी एक सांगावे. एचबीए१सी चाचणीतून गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज येतो, ऑक्सिडेटिव्ह ताणाचा (सुपरऑक्साइडसारख्या रेणूंमुळे पेशींवर येणाऱ्या ताणाचा) नाही. मग हा ताण कमी झाला की नाही, हे रुग्णाला कळण्याजोगी एखादी नेहमीच्या वापरातील चाचणी आहे का? पुढील महिन्यात डॉक्टरांची भेट ठरली आहे आणि तोपर्यंत कॅप्सूलची बाटली उघडायची नाही, एवढे वडिलांनी कबूल केले आहे.