मदत हवी आहे : निधीसाठी किलिमांजारो ट्रेक, पण देणगी शिखराशी बांधावी का?

नमस्कार मंडळी,

आमचा एक गट पुढच्या हंगामात टांझानियातल्या किलिमांजारोला, म्हणजे आफ्रिकेतल्या सगळ्यात उंच डोंगरावर, जायचं म्हणतोय. निमित्त निधी गोळा करण्याचं. बालगृहात वाढलेली मुलं-मुली 18 वर्षांची झाली की तिथून बाहेर पडतात आणि राहायची जागा, शिक्षण, पहिली नोकरी मिळेपर्यंतचा खर्च हे सगळं एकदम अंगावर येतं. अशांना पुढची काही वर्षं आधार देणाऱ्या एका संस्थेसाठी पैसे उभे करायचे आहेत. संस्थेचं काम आणि हिशेब पाहिलेत, त्याबद्दल शंका नाही. घोळ आहे तो आमच्यात.

एक म्हणजे ट्रेकचा खर्च कुणी करायचा? काहींचं म्हणणं, जमलेल्या पैशातून वजा करू. बरेच चॅरिटी ट्रेक असेच चालतात. प्रत्येकाने ठरलेली किमान रक्कम गोळा करायची, त्यातून आयोजकाचं बिल जायचं आणि उरलेलं संस्थेला. यात गैर काही नाही, पण देणाऱ्याला तसं आधीच सांगितलं असेल तरच. तो समजतो पैसे मुलांकडे गेले, आणि त्यातला बराचसा वाटा विमानात बसलेला असतो. माझं मत विचाराल तर हौस आपली, तिकीट आपलं. पण हा नियम लावला की गटातला सगळ्यात धडपड्या माणूसच गळतो, कारण त्याला ते परवडत नाही. यावर तोडगा?

खरा वाद मात्र पुढे आहे. एका देणगीदाराने मोठी रक्कम देऊ केली आहे, अट अशी की आम्ही उहुरू शिखरावर, म्हणजे 5895 मीटरवर पोचलो तर. जितके जण पोचतील तितक्या पटीत पैसे. गटात आनंदीआनंद! मला मात्र तेव्हापासून झोप नाही. या डोंगराला दोर-बीर लागत नाही, चालत जाता येतं, म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. पण वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. डोकं ठणकतंय, उलटी होतेय, तरी 'माझ्यामुळे एका मुलाची फी बुडेल' म्हणून कुणी गप्प राहिला तर?

त्यात खर्च वाचवायला मारांगू मार्गाने पाच दिवसांत जाऊन येऊ, असाही सूर आहे. जितकं वाचेल तितकं संस्थेला जास्त, हे ऐकायला छान वाटतं. जे जाऊन आलेत किंवा असा निधी उभा केलाय, त्यांनी कृपया सांगावं.

---

प्रतिसाद :

पाच दिवस विसरा. मारांगूवर पहिला मुक्काम मंडारा, साधारण 2700 मीटर. दुसरा होरोंबो, 3700. तिसरा किबो, 4700. म्हणजे रोज हजार मीटर. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला. तुम्ही त्याच्या दुप्पट वेगाने चढणार आणि त्याच मध्यरात्री उठून आणखी बाराशे मीटर शिखराकडे. होरोंबोला एक जादा रात्र घेतलीत तर थोडं बरं, तरी मी लेमोशो मार्गाने आठ दिवस सुचवेन. त्यात लाव्हा टॉवरला सुमारे 4600 पर्यंत चढून पुन्हा 3900-4000 च्या आसपास बारांकोला येऊन झोपता येतं. शरीराला हेच हवं असतं.

पैसे पोर्टरच्या जिवावरही वाचवू नका. तिथे पोर्टरच्या पाठीवर 20 किलोंपेक्षा जास्त वजन द्यायचं नाही असा नियम आहे, पण स्वस्त कंपन्या मजुरीत, जेवणात आणि तंबूत हात आखडता घेतात. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था पोर्टरना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते, त्यातली निवडा. गरीब मुलांसाठी ट्रेक करायचा आणि तिथल्या गरीब पोरांना उपाशी चालवायचं, हे कसं दिसेल?

---

प्रतिसाद :

मी अशाच एका बालगृहातून बाहेर पडले आहे, म्हणून दोन गोष्टी. खोलीचं डिपॉझिट ठरलेल्या तारखेला भरावं लागतं. 'वरती हवा बिघडली म्हणून यंदा पैसे कमी' असं घरमालकाला सांगता येत नाही. तेव्हा शिखराची अट नकोच. आणि निधीच्या आवाहनात आमचे फोटो 'बिचारे' म्हणून लावू नका. एकदा इंटरनेटवर गेलेला फोटो नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पाठलाग करतो. फोटो तुमचेच लावा, घामेजलेले. :)

---

प्रतिसाद :

थोडा वेगळा सूर लावतो. अट काढली तर तो देणगीदार पळेल असं का धरून चालता? त्याला रंगत हवी आहे, ती दुसऱ्या मार्गानेही देता येते. देणगी सरावाच्या किलोमीटरना जोडा. तयारीच्या महिन्यांत गटाने मिळून चाललेलं प्रत्येक किलोमीटर मोजा. त्यात उंचीमुळे कुणाच्या मेंदूला सूज येत नाही, आणि ट्रेकच्या आधीच पैसे संस्थेत पोचतात. गळणाऱ्या मित्रासाठी बाकीच्यांनी वेगळी वर्गणी काढा, देणगीच्या खात्याला हात न लावता. खाती दोन ठेवा, तीही पहिल्या दिवसापासून. नंतर वेगळं करू म्हणणारे हिशेब नंतर कधीच वेगळे होत नाहीत.

---

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार. किलोमीटरची कल्पना देणगीदाराला कळवली, तो चक्क खूश आहे. फक्त मोजणीचा तक्ता दर आठवड्याला हवा म्हणतोय. फोटोंचा मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आधीचं पोस्टर काढून टाकतोय. खाती दोन उघडणार, आणि आठ दिवसांवर बहुमत झालंय, एक जण अजून कुरकुरतोय.

परत फिरायचा निर्णय गाइडचा, त्यावर गटात चर्चा नाही, असं लेखी घेतोय. बसल्या जागी दम लागणं, तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर लगेच खाली, रात्र असली तरी.

आता एकच अडलंय. डायामॉक्स (उंचीचा त्रास टाळायला घेतात ती गोळी) घ्यावं का, यावर घरोघरी डॉक्टर निघालेत. गटात एकाला सल्फाच्या औषधांची अॅलर्जी आहे आणि एकाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दोघेही आपापल्या डॉक्टरांकडे जाणार आहेतच, पण उंचीवरच्या आजारांचा अनुभव असलेल्या डॉक्टरला नेमकं काय काय विचारावं? इथे कुणी डॉक्टर असतील तर प्रश्नांची यादी करून द्याल का?