घरातल्या मांजरांसाठी बाल्कनी बंदिस्त करायची आहे: जाळी कोणती?

दोन मांजरं, एक पाच महिन्यांचं. बाल्कनी चौथ्या मजल्यावर. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पुरेल का?

खिळेमोळे
नुसती नायलॉन नको. मांजर एकच धागा रोज कुरतडतं, उन्हाने तो आधीच ठिसूळ झालेला असतो, आणि भोक पडलेलं उशिरा लक्षात येतं. वेल्ड केलेली स्टीलची जाळी घ्या, २५ मिमीपेक्षा मोठी भोकं नकोत. पिल्लासाठी १२ मिमी बरी. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर दर १५ सेंमीला स्क्रू आणि रुंद वॉशर. स्टेपलवर भरवसा ठेवू नका, उडी मारून जाळीला लटकलं की ते उपटतात. भिंतीत प्लग ठोकून चौकट बसवा. आणि हो, जाळी छतापर्यंत न्या. अर्धवट उंची म्हणजे चढायला शिडीच.

शेपटी
रेलिंगखालची फटही बुजवा. डोकं गेलं की बाकीचं अंग बहुतेक वेळा जातंच. बाल्कनीत लिलीची कुंडी असेल तर तिथून हलवा, तिचे परागकणही मांजराची किडनी निकामी करतात.

खिळेमोळे
बरोबर. सावली आणि पाणी विसरू नका.

> फिरायला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) चालेल का?

शेपटी
चालेल, पण मोठ्यालाच. पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत. सैल असेल तर मांजर मागे सरकून निसटतं. आधी आठवडाभर घरातच घाला. बाहेर नेण्याआधी लसीकरण पूर्ण हवं. पिसवांसाठी कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं औषध मुळीच लावू नका, मांजराला ते विषारी.