मदत हवी आहे: शके १८३२ चं घर, माजघर-स्वयंपाकघरामधली भिंत पाडावी का?

नमस्कार मंडळी,

सासरचं घर राजापूर तालुक्यात. गणेशपट्टीवर शके १८३२ कोरलंय, म्हणजे १९१०. जांभ्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, चुन्याचा गिलावा, वर माळा, त्यावर मंगलोरी कौलं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर एकामागे एक आणि शेवटी पडवी. सासूबाई (वय ७६) वर्षभर तिथेच असतात. आम्ही पुण्याहून गणपतीला आणि मे महिन्यात जातो. गणपतीत घरात २२-२५ माणसं, आणि स्वयंपाकघरात एका वेळी जेमतेम दोघी उभ्या राहतात. हे दुखणं जुनंच. पण यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जमिनीवर बसून चिरणं-निवडणं बंद झालं, म्हणून काम काढायचं ठरलं.

ठेकेदार आला. टेप खिशातून न काढताच म्हणाला, "ही मधली भिंत उडवू, एक आय-बीम (लोखंडी तुळई) टाकू, मस्त ओपन किचन होईल." खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना सिमेंट प्लास्टर, माळ्याखाली पीओपी. सगळं मिळून साडेसहा लाख. नवऱ्याला पटलंय. मला नाही, पण का नाही ते धड सांगता येत नाही, म्हणून इथे आले.

आता घराची तब्येत सांगते. १९८९ साली सासूबाईंनीच शेणाची जमीन काढून सिमेंटचा कोबा करवून घेतला (दर आठवड्याला सारवणाऱ्या बाईला मी तरी नावं ठेवणार नाही). त्याच वेळी भिंतींना कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला. तेव्हापासून ओल हटत नाही. गंमत म्हणजे ती गिलाव्याच्या वरच्या काठाला, छातीच्या उंचीवर जास्त दिसते. तिथे पांढरा लोणा धरतो, हात फिरवला की मिठासारखा गळतो.

दुसरं, २०१६ पासून चूल बंद, फक्त गॅस. त्यानंतर तीन-चार वर्षांनी वरून पीठ पडायला लागलं. रोज सकाळी ओट्यावर बारीक, भाजणीच्या रंगाची चिमूट-चिमूट रास. रात्री पातेलं उघडं ठेवायची सोय नाही. वाळवीचं औषध दोनदा मारलं, फरक शून्य.

तर भिंत पाडावी का? ओलीचं काय करावं? आणि हे पीठ कसलं? घर सामायिक आहे, दोन चुलत दिरांची तोंडी संमती आहे (लेखी घ्या हे कृपया सांगू नका, ती लढाई वेगळी चालू आहे).

---

सुकी भेळ: विका आणि मोकळे व्हा. साडेसहा लाख घालून वर्षाचे २० दिवस राहणार.

धागाकर्ती: सासूबाई ३६५ दिवस राहतात. पुढचा प्रतिसाद.

---

ओळंबा: स्ट्रक्चरवाला आहे, घर न बघता बोलतोय हे धरून वाचा.

आधी बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. माळ्याच्या तुळया कोणत्या दिशेने गेल्यात आणि त्यांची टोकं कशात घुसलीत ते पाहा. टोकं मधल्या भिंतीत असतील तर माळा तिच्या जिवावर उभा आहे. भिंत माळ्याच्याही वर आढ्याकडे गेली असेल तर छपराचा भारही तिच्यावर.

आय-बीम टाकता येतो, प्रश्न बीमचा नाहीच. आज जो भार अख्ख्या भिंतीवर पसरलाय तो उद्या बीमच्या दोन टोकांवर येणार. जांभा असा एका जागी दाबला की चुरडतो. म्हणजे टोकांखाली काँक्रीटचे ठोकळे किंवा खांब, खांबांना पाया, आणि पायासाठी शंभर वर्षांचं जोतं खणायचं. साडेसहा लाखांत हे धरलंय का विचारा. बहुधा गप्प बसेल.

त्यापेक्षा भिंत ठेवा आणि तिला भोकं पाडा. दार साडेतीन-चार फुटांचं करा, शेजारी एक वाढायची खिडकी काढा. दोन्हींमध्ये आणि कोपऱ्यांशी निदान तीन-तीन फूट भिंत शिल्लक हवी. एका वेळी एकच भोक, तुळयांना दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, आणि आधी लिंटेल (भोकाच्या वरची आडवी पट्टी) बसवून मग खालचे चिरे काढायचे. उलटं करणारे महाभाग पाहिलेत.

---

मागीलदार: आमचं घर देवगडकडे, हीच कथा. ओलीचं सांगतो.

जमिनीतलं पाणी जांभ्यातून वर चढतच असतं. पूर्वी ते शेणाच्या जमिनीतून आणि चुन्यातून उडून जायचं. तुम्ही कोब्याने खालची वाट बुजवलीत, सिमेंटने बाजूची. मग ते गिलाव्यामागून चढत जिथे चुना सुरू होतो तिथे बाहेर पडतं. तुमची छातीची उंची ती हीच. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, तो लोणा. आता टाइल्स आणि प्लास्टर केलंत तर ओल आणखी वर चढेल.

आम्ही कोबा उखडला, खाली सुक्या दगडगोट्यांचा थर, त्यावर चुन्याचा कोबा आणि शहाबादी फरशी. भिंतींचं सिमेंट खरवडून चुना केला. गवंडी शोधायलाच चार महिने गेले. चुना ताजा विझवलेला घेऊ नका, पंधरा-वीस दिवस पाण्याखाली मुरलेला हवा. थर पातळ, आणि आठवडाभर पाणी मारत राहायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. दिवाळीनंतर सुरू करा. वर प्लास्टिक पेंट लावलात तर सगळं पाण्यात.

पीठ वाळवीचं नाही. वाळवी मातीच्या नळ्या करते, पीठ पाडत नाही. हा लाकूड पोखरणारा भुंगा, वाशांवर टाचणीएवढी भोकं दिसतील. चुलीच्या धुराने लाकूड कोरडं राहायचं, किड्यालाही तो मानवत नव्हता. तुम्ही धूर बंद केलात, त्याने घर केलं. काजळी ब्रशने काढून टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात मारा, काजळीवरून मारलंत तर आत मुरणार नाही. भांडीकुंडी आधी बाहेर काढा. आणि पीओपी मुळीच नको, वर काय चाललंय ते दिसायला हवं. उजेडासाठी चार काचेची कौलं टाका, फार फरक पडतो.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. या शनिवारी गेलो होतो. नवऱ्यालाच माळ्यावर चढवलं. पाच तुळया, पाचही टोकं मधल्या भिंतीत. ओट्याच्या वरच्या तुळईच्या टोकात सुरी घातली तर बोटभर आत गेली. खाली उतरल्यावर आय-बीमचं नाव निघालं नाही. तेव्हा आधी ती तुळई, मग बाकीचं. ओळंबा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, जवळपासचं कोणी सुचवा.

दारा-खिडकीचं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भिंत पाडणार होतात? माजघरात पाहुणे, आणि मी इथे कढईपाशी घामाघूम, मध्ये आडोसा नको?" आम्ही चौघांनी महिनाभर चर्चा केली होती, त्यांना विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

त्यांनी एकच मागितलंय. खिडकीपाशी खुर्चीवर बसून भाजी चिरता यावी आणि माजघरातला टीव्ही दिसावा. ओटा कडप्प्याचा करतोय, उभ्याचा ३२ इंच. बसून काम करायचा भाग आणि खिडकीचा कट्टा किती उंचीवर ठेवू? गुडघा खाली जायला हवा. कोणी केलं असेल तर माप द्या.