दहा रुपयांची कँपा कोका-कोलाचं काय वाकडं करणार?

शीतकपाट (धागाकर्ता)

रिलायन्सने 2022 मध्ये प्युअर ड्रिंक्सकडून कँपा (जुना देशी कोला) विकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये ती पुन्हा बाजारात उतरवली. 200 मिलीची बाटली, 10 रुपये. तेव्हापासून 'आता कोका-कोलाचं कठीण आहे' असं जिथे तिथे वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. या धंद्यात किंमत दुय्यम आहे. दुकानाच्या दारातला फ्रीज ज्याचा, गिऱ्हाईक त्याचं.

कोला गार असेल तरच खपतो. कंपनी दुकानदाराला काचेच्या दाराचा फ्रीज देते आणि अट घालते की आत फक्त आमचाच माल. वीजबिल दुकानदाराने भरायचं. तालुक्याच्या गावातल्या दहा फुटी दुकानात दुसरा फ्रीज ठेवायला ना जागा असते, ना प्लग. मग नवी बाटली कितीही स्वस्त असली तरी ती काउंटरवर गरम होत बसते. मे महिन्यात गरम कोला कोण घेणार? कोका-कोला आणि पेप्सीने तीस वर्षं असे फ्रीज पेरलेत. ही भिंत जाहिरातीने पडत नाही.

गल्ला

असहमत. ही भिंत मालकी हक्काची नाही, दुकानदाराच्या मर्जीची आहे. कंपनीचा माणूस आठवड्यातून एकदा येतो, बाकीचे दिवस फ्रीज दुकानदाराच्या हातात. बाटलीमागे चार आणे जास्त सुटत असतील तर खालची फळी कँपाला मिळते. वरच्या तीन फळ्यांवर लाल लेबलं, खाली कँपा, हे चित्र आता नवीन राहिलेलं नाही. कँपा दुकानदाराला जास्त मार्जिन देते, हेच तिचं मुख्य हत्यार आहे.

दहा रुपयांचा ढोबळ हिशोब मांडतो. कर 40 टक्के, तोही करापूर्वीच्या किमतीवर, म्हणजे दहातले 2 रुपये 86 पैसे सरकारचे. उरले 7.14. दुकानदार आणि वितरक मिळून दीड रुपया धरा. कोलात 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 200 मिलीत 21 ग्रॅम; रिफाइंड साखर 45 रुपये किलो धरली तर 95 पैसे. प्रीफॉर्म (फुगवून बाटली करायची प्लॅस्टिकची नळी), बूच, लेबल मिळून दीड-पावणेदोन रुपये. राहिले तीन रुपये. त्यात अर्क (पेयाला चव देणारं घट्ट मिश्रण), गॅस, वीज, गाडीभाडं, फ्रीज, जाहिरात आणि नफा, सगळं बसवायचं.

कोका-कोलाच्या साखळीत या तीन रुपयांत दोन घरं जेवतात: अर्क विकणारी मूळ कंपनी आणि बाटल्या भरणारा बॉटलर. मूळ कंपनीला भरपूर नफ्याची सवय आहे. रिलायन्सला घाई नाही, आज बाजार हवा आहे. दहाची लढाई लांबली तर आधी बॉटलरच्या पोटाला चिमटा बसेल.

आंबाडी

गल्ला, हिशोब चोख आहे, पण कराच्या ओळीवरून तुम्ही पुढे निघून गेलात. खरा स्पर्धक तिथेच बसला आहे. सोड्यावर आधी 28 टक्के जीएसटी आणि 12 टक्के सेस होता, 22 सप्टेंबर 2025 पासून सरळ 40 टक्के. फळांच्या रसाची बिनगॅसची पेयं त्याच दिवशी 12 वरून 5 टक्क्यांवर आली. पाकीटबंद ताक-लस्सीही 5 टक्क्यांतच. एकाच फळीवरच्या दोन बाटल्यांत 35 टक्क्यांचा फरक! दहा रुपयांच्या 5 टक्केवाल्या पेयात कर जातो जेमतेम 48 पैसे.

कोला विरुद्ध कोला ही एकाच पिंजऱ्यातली मारामारी आहे. कँपाही त्याच 40 टक्क्यांत अडकलेली आहे.

शीतकपाट

आंबाडी, 5 टक्क्यांचा फायदा कोका-कोलालाही मिळतो. 'माझा' हे आंब्याचं पेय त्यांचंच आहे. पेप्सीकडे स्लाइस आहे. फ्रुटीवाल्या पार्ले ॲग्रोला फायदा होईल हे मान्य, पण मोठ्यांना धक्का कसला?

आणि देशी नावं आधीही होती. 1993 मध्ये पार्लेच्या रमेश चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले. पुढच्याच वर्षी मुंबईची ड्यूक्स पेप्सीकडे गेली. वाटेतला दगड उचलून खिशात घालायचा, ही यांची जुनी रीत.

गल्ला

तीच रीत या वेळी चालणार नाही. चौहानांपुढे विकण्याशिवाय फारसा मार्ग नव्हता. बॉटलर फुटायला लागले होते. रिलायन्स विकणारी नाही, उलट जानेवारी 2023 मध्ये सुरतेच्या सोस्यो या शीतपेय कंपनीचा अर्धा हिस्सा तिनेच घेतला. शिवाय स्वतःची दुकानं आहेत. तिथे कोणता फ्रीज दारात उभा करायचा हे कोका-कोलाचा विक्रेता ठरवत नाही, आणि त्याच दुकानांना माल विकल्याशिवाय कोका-कोलाचं भागतही नाही. गिऱ्हाईकच प्रतिस्पर्धी झालं की भाव मागताना आवाज खाली येतो.

वाहतूकदार_मिरज

दोघांनाही एक सांगायचंय. अर्क छोट्या डब्यातून जगभर फिरतो, बाटली म्हणजे मात्र गाडीभर पाणी. दहाच्या बाटलीला कारखान्यापासून दोन-अडीचशे किलोमीटरच्या पुढे भाडं परवडत नाही. त्यामुळे कारखाने कुणाचे आणि कुठे, याला मोठं महत्त्व आहे. पेप्सीचा भारतातला 90 टक्क्यांहून जास्त माल एकटी वरुण बेव्हरेजेस भरते. कोका-कोलाने जानेवारी 2024 मध्ये राजस्थान, बिहार, ईशान्य भारत आणि बंगालचा काही भाग स्थानिक बॉटलरांना दिला, पुढे आपल्या बॉटलिंग कंपनीतला 40 टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया उद्योगसमूहाला विकायचा करार केला. जोखीम दुसऱ्याच्या ताळेबंदात गेली, पण ताकदही गेली. मोठा झालेला बॉटलर अर्काच्या भावावर वाद घालणारच.

साखरेचंही तसंच. महाराष्ट्रात साखर मुबलक, पण बहुतेक कारखाने एस-30, एम-30 म्हणजे गंधक वापरून केलेली नेहमीची साखर काढतात. सोड्याला गंधकविरहित रिफाइंड लागते, नाहीतर वास आणि गढूळपणाचा त्रास होतो. रिफायनरी असलेले कारखाने मोजके, आणि उन्हाळ्याआधी सगळे बॉटलर त्यांच्याच दारात.

शीतकपाट

बॉटलरचा मुद्दा पटला, तो माझ्या मांडणीत नव्हता. फ्रीजवर मात्र मी ठाम आहे. खालची एक फळी गेली म्हणजे फ्रीज गेला नाही.

गल्ला

फळीचा निकाल उन्हाळा संपताना लागतो. 200 मिलीच्या प्लॅस्टिक बाटलीतून गॅस लवकर निसटतो, कारण द्रव कमी आणि भिंतींचं क्षेत्रफळ त्या मानाने जास्त. मोठ्या बाटलीपेक्षा तिची मुदत कमी, काचेच्या बाटलीपेक्षा तर बरीच कमी. 2025 मध्ये 26 मे रोजीच मुंबईत मान्सून आला आणि ऐन हंगामात भरलेला माल गोदामात बसला. अशा वेळी मुदत संपलेली पेटी कोण विनातक्रार परत घेतो हे दुकानदार पक्कं लक्षात ठेवतो. कँपाच्या वितरकांनी इथे हात आखडता घेतला तर ती खालची फळी पुढच्या मार्चमध्ये लाल होईल. आणि घेतला नाही, तर पुढची मागणी दुसऱ्या फळीची असेल.