मदत हवी आहे: नेटवर्क गेल्यावर दोन फोनमधल्या नोंदी जुळवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. माजलगाव तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावांसाठी आम्ही काही पोरं पुराच्या वेळी वापरायचं ॲप बनवतोय. सप्टेंबर 2025 चा पूर बघितल्यावर एक गोष्ट पक्की केली: नेटवर्क नसलं तरी नोंद झालीच पाहिजे. म्हणून प्रत्येक फोनमध्ये वेगळा डेटाबेस, रेंज आली की सिंक.

घोडं अडलंय ते सिंकवर. एकाच कुटुंबाबद्दल एक स्वयंसेवक लिहितो ‘शाळेत हलवले’, दुसरा लिहितो ‘शेतातल्या आखाड्यावर अडकले’. शेवटची नोंद खरी धरावी, तर फोनची घड्याळं मागेपुढे. चाचणीत अडकलेलं कुटुंब चक्क सुरक्षित दिसलं! असलं ॲप नसलेलं बरं.

काउचडीबी (अशी सिंकची सोय असलेला डेटाबेस) दोन्ही नोंदी जपून ठेवतो, पण वर एकच दाखवतो. दुसरी मुद्दाम मागावी लागते. व्हर्जन व्हेक्टर (कुठल्या फोनवर नोंद किती वेळा बदलली याचे नोंदीसोबत ठेवलेले आकडे) लावले तर दोन्ही नोंदी एकमेकींना न बघता झाल्या एवढं कळतं, खरी कोणती ते नाही. माझ्या मते अशा वेळी ‘अडकले’ हेच धरावं, आणि माणसानं फोन करून खात्री करावी.

कुणी असं प्रत्यक्ष चालवलंय का? स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर काय झेपेल? धान्याच्या किटचा हिशेबही असाच दोनदा वजा होतोय, त्यावरही सुचवा.